जुन्या गाडीत दुसरं इंजिन: माउंटिंग सगळ्यात शेवटी ठरवा

जुन्या गाडीत दुसरं इंजिन टाकायचं ठरलं की नव्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘याला माउंटिंग कुठलं बसेल?’ कुणीतरी उत्तर देतं, ब्रॅकेट मागवले जातात, भोकंही जुळतात. मग इंजिन खाली सोडताना लक्षात येतं की ऑइल चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) क्रॉस मेंबरवर (चॅसीच्या आडव्या तुळईवर) टेकतोय किंवा स्टिअरिंगच्या दांड्याच्या वाटेत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर गोळा करणारी नळ्यांची जोडणी) आलाय. माउंटिंग बसलं, इंजिन बसलं नाही.

म्हणून या कामाचा क्रम उलटा धरायचा. इंजिन गाडीत नेमकं कुठे, किती उंचीवर आणि किती कलून बसणार हे आधी पक्कं करायचं. माउंटिंग त्या जागेपर्यंत पोचणारा पूल आहे. दोन्ही काठ ठरल्याशिवाय पूल विकत घेऊ नये. खालची सगळी पावलं याच क्रमाने आहेत.

एक गोष्ट आधीच उरकून टाकतो. इंजिन बदलल्यावर गाडीच्या कागदपत्रांत बदल करावा लागतो आणि त्याचे नियम देशोदेशी वेगळे असतात. जुनं इंजिन उतरवण्याआधी नोंदणी कार्यालयात विचारून घ्या. गाडी उघडून पडल्यावर विचारायला जाऊ नका.

‘बसतं’ म्हणजे नक्की काय बसतं

माउंटिंग (गॅरेजमध्ये याला फाउंडेशनही म्हणतात) हा एक भाग नसून तीन भागांची साखळी आहे. ब्लॉकला (इंजिनाच्या मुख्य धडाला) बोल्टने आवळलेला ब्रॅकेट, मधलं रबर, आणि चॅसीवरची किंवा क्रॉस मेंबरवरची बैठक. अशी साखळी इंजिनाच्या दोन्ही बाजूंना असते आणि तिसरी बहुधा गिअरबॉक्सच्या शेपटीखाली.

त्यामुळे कुणी ‘हे त्याला बसतं’ म्हणालं की तीन वेगळे प्रश्न विचारायचे. भोकं जुळतात का? जुळल्यावर इंजिन योग्य जागी येतं का? आणि ते रबर या इंजिनाच्या वजनाला, ताकदीला आणि थरथरीला योग्य आहे का? विकणाऱ्याचं ‘हो’ बहुतेक वेळा फक्त पहिल्या प्रश्नाला असतं.

रबरावर काय काय येतं

इंजिनाचं वजन पेलणं हे रबराचं सगळ्यात सोपं काम. अवघड कामं दोन: टॉर्कचा पिळ सहन करणं आणि थरथर गाडीत जाऊ न देणं.

पिळाचा हिशोब एकदा स्वतः करून बघा. समजा, मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, इंजिन उभं म्हणजे गाडीच्या लांबीत बसलंय, टॉर्क २०० न्यूटन मीटर आणि पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५. गिअरबॉक्समधून प्रॉपेलर शाफ्टला (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याला) ७०० न्यूटन मीटर मिळतात, आणि तेवढाच पिळ उलट्या दिशेने इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीला बसतो. पुढची दोन माउंटिंग एकमेकांपासून ५० सेंटिमीटरवर असतील तर प्रत्येकावर साधारण १,४०० न्यूटन, म्हणजे जवळपास १४० किलोचा भार. एका बाजूला खाली दाबणारा आणि दुसऱ्या बाजूला वर उचलणारा. २०० किलोच्या इंजिन-गिअरबॉक्सचं स्थिर वजन एका बाजूच्या माउंटिंगवर ७० किलोच्या आसपास येतं. म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर एका बाजूचं रबर दाबलं न जाता चक्क वर ओढलं जातं. क्लच धाडकन सोडला तर आकडा आणखी चढतो.

समोरून पाहिल्यावर क्रँक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, आणि बहुतेक इंजिनांत तो तसाच फिरतो, तर गाडीच्या डाव्या बाजूचं माउंटिंग वर ओढलं जातं. जुन्या गाडीत तुटलेलं रबर आधी डावीकडे शोधतात ते यामुळे.

हे कागदी गणित नाही. १९७१ च्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सने १९६५ ते १९६९ या मॉडेल वर्षांच्या सुमारे ६७ लाख शेव्हरोले गाड्या इंजिन माउंटिंगमुळे परत बोलावल्या होत्या. रबर धातूच्या पत्र्यापासून सुटायचं, जोर दिला की इंजिन वर उचललं जायचं, आणि त्याबरोबर थ्रॉटलचा दांडा ओढला जाऊन गाडी आणखी वेग घ्यायची. उपाय म्हणून इंजिन वर उचललं जाऊ नये यासाठी तारेचा दोर बांधून दिला गेला. त्यानंतर बनलेल्या माउंटिंगमध्ये मग धातूचे दोन्ही भाग एकमेकांत अडकवलेले येऊ लागले, म्हणजे रबर गेलं तरी इंजिन जागा सोडत नाही. जुन्या गाडीसाठी रबर घेताना हे बघायलाच हवं. दोन पत्र्यांच्या मध्ये नुसतं चिकटवलेलं रबर आणि दुसरा कसलाही अडसर नाही, असं माउंटिंग जास्त ताकदीच्या इंजिनाखाली घालू नका.

आडव्या म्हणजे गाडीच्या रुंदीत बसलेल्या इंजिनाच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत मामला आणखी कडक असतो. तिथे डिफरन्शिअल (दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरची पेटी) गिअरबॉक्सच्याच घरात असतं, त्यामुळे शेवटचं गुणोत्तरही माउंटिंगच्या वाट्याला येतं. २०० गुणिले ३.५ गुणिले ४ म्हणजे २,८०० न्यूटन मीटर. हा पिळ ४० सेंटिमीटरच्या अंतरावरच्या एकाच टॉर्क रॉडने (इंजिनाचं डुलणं रोखणाऱ्या दांडीने) अडवायचा म्हटला तर त्या रॉडवर ७,००० न्यूटन येतात, सुमारे ७०० किलोचा भार. १९५९ च्या मूळ मिनीत इंजिनाच्या वरच्या बाजूला फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यापर्यंत) जाणारी एक छोटी दांडी असते. तिचे बुश (टोकांतली रबरं) गेले की क्लच सोडताना अख्खं इंजिन मागेपुढे डुलतं. आडव्या इंजिनात बाजूची माउंटिंग जुळवून ही दांडी ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्याला नंतर एक्झॉस्टचा तुटलेला पाइप बघावा लागतो.

पाऊल १: जुनं इंजिन काढण्याआधी मोजमाप

गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर, टायरमध्ये नेहमीची हवा. जॅकवर चढवलेल्या गाडीची मापं घेऊ नका, सस्पेन्शन लोंबल्यावर उंचीची सगळी मापं फसवी असतात.

मापं घ्यायची ती अशी. क्रँक पुलीच्या मधल्या बोल्टची चॅसीच्या वरच्या कडेपासून उंची. तोच बोल्ट डाव्या आणि उजव्या चॅसी रेलपासून किती अंतरावर आहे ते. फायरवॉलपासून बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं क्लच झाकणारं तोंड) जिथे ब्लॉकला मिळतं त्या चेहऱ्याचं अंतर. गिअरबॉक्सच्या शेपटीची जागा, उंची, आणि गिअर लिव्हर फ्लोअरच्या भोकात नेमका कुठे येतो. शेवटी गिअरबॉक्सचा कल आणि डिफरन्शिअलच्या पिनियनचा (प्रॉपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो त्या गिअरचा) कल. कोन मोजायचं चुंबकी यंत्र मिळालं तर उत्तम, फोनमधलं लेव्हलचं ॲपही एखाद्या अंशाच्या फरकाने चालून जातं.

बाजूची अंतरं मोजायला ओळंब्यासारखं साधन नाही. पुलीच्या बोल्टला दोरा बांधून ओळंबा सोडा, तो स्थिर झाला की टोकाखाली फरशीवर खडूने फुली मारा. असंच गिअरबॉक्सच्या शेपटीखाली करा. मग दोन्ही चॅसी रेलवरून ओळंबे सोडून आणखी चार फुल्या. फुल्या दोऱ्याने जोडल्या की इंजिनाची मध्यरेषा फरशीवर उमटते, आणि बऱ्याच गाड्यांत ती गाडीच्या बरोबर मधून जात नाही. स्टिअरिंगच्या दांड्याला जागा मिळावी म्हणून कारखान्यातच इंजिन दोन-तीन सेंटिमीटर एका बाजूला सरकवलेलं असतं. त्यामुळे डावं आणि उजवं माउंटिंग कितीही जुळं वाटलं तरी एकमेकांच्या जागी लावून बघू नका.

जुनं रबर काढलं की फेकू नका. त्याच्या कडेला, जिथे रबर धातूला चिकटलंय तिथे स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच दाबून बघा. तिथे केसाएवढी फट उघडली तर रबर वरून कितीही काळंभोर दिसलं तरी आतून सुटलंय. तेल लागून फुगलेलं रबर बोटाला मऊ, चिकट लागतं. आणि पुढे टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारायच्या वेळी हीच जुनी रबरं कामाला येणार आहेत.

पाऊल २: इंजिनाचं घराणं ओळखा

एकाच कंपनीच्या एकाच कुळातली इंजिनं असली तर काम निम्मं होतं. शेव्हरोलेचं स्मॉल-ब्लॉक व्ही-८ (व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचं इंजिन) हे याचं नेहमीचं उदाहरण. १९५५ मध्ये ते आलं तेव्हा ते पुढच्या बाजूने धरलेलं असे. १९५८ पासून ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना तीन बोल्टची बैठक आली, ती पुढे कित्येक दशकं टिकली, आणि १९६५ च्या बिग-ब्लॉकनेही (शेव्हरोलेच्याच मोठ्या व्ही-८ ने) तीच वापरली. त्यामुळे या गाड्यांत इंजिन बदलणं सोपं मानलं जातं.

पण इथेही खड्डा आहे, आणि तो चॅसीच्या बाजूला आहे. या गाड्यांत रबराचे दोन प्रकार मिळतात, एक बुटकं-रुंद आणि एक उंच-अरुंद, आणि चॅसीवरच्या बैठकाही त्यांना शोभतील अशा वेगवेगळ्या. ब्लॉकला दोन्ही प्रकार सारखेच बसतात. पण बैठक एका प्रकारची आणि रबर दुसऱ्या प्रकारचं घेतलं की आरपार जाणारा बोल्ट जात नाही, किंवा हातोडीने घातला तर इंजिन भलत्याच उंचीवर बसतं.

१९९७ मध्ये कॉर्व्हेटमधून शेव्हरोलेच्या नव्या व्ही-८ इंजिनांचं एलएस घराणं सुरू झालं तेव्हा बैठक चार बोल्टची झाली. जुन्याला ३/८ इंची बोल्ट, नव्याला १० मिलिमीटरचे. हे इंजिन जुन्या गाडीत टाकायला जोडपट्ट्या मिळतात: एका बाजूने चार भोकं, दुसऱ्या बाजूने तीन. भोकं सगळ्याच पट्ट्यांची जुळतात. मात्र एक पट्टी बेल हाउसिंग मूळ जागेवर ठेवते, दुसरी इंजिन इंचभर पुढे नेते, तिसरी तेवढंच मागे. कुठली घ्यायची हे फायरवॉल, चेंबर आणि गिअरबॉक्सची लांबी ठरवणार. भर म्हणून, बहुतेक एलएस इंजिनांत क्रँकचा फ्लायव्हील (क्लचकडचं जड चाक) बसतो तो चेहरा जुन्या स्मॉल-ब्लॉकपेक्षा सुमारे १० मिलिमीटर आत असतो. म्हणजे जुना गिअरबॉक्स ठेवायचा तर माउंटिंग जुळूनही क्लचकडे किंवा टॉर्क कन्व्हर्टरकडे फट उरते, ती भरणारा स्पेसर किंवा योग्य फ्लायव्हील लागतो.

काही गाड्यांत तर नेहमीची तीन माउंटिंगची रचनाच नसते. फोक्सवॅगन बीटलचं हवेवर थंड होणारं इंजिन चार बोल्टने गिअरबॉक्सला लटकलेलं असतं, त्याला स्वतःची माउंटिंग नाहीत. तिथे जड इंजिन लावायचं म्हणजे गिअरबॉक्सच्या रबरांवर आणि घरावर भार वाढवायचा, म्हणून मागे वेगळा आधार द्यावाच लागतो. माझदाच्या पहिल्या एमएक्स-५ मध्ये उलट कथा. तिथे गिअरबॉक्सखाली क्रॉस मेंबर शोधाल तर सापडणार नाही, कारण गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एका लांब ॲल्युमिनियमच्या फ्रेमने एकमेकांना बांधलेले असतात. गिअरबॉक्स बदलला की ती फ्रेम जाते, आणि तिच्याबरोबर डिफरन्शिअलचा पुढचा आधारही. पुढच्या दोन माउंटिंगच्या शोधात असलेल्या माणसाला हे फार उशिरा कळतं.

पाऊल ३: इंजिन लटकवून जागा शोधा

याच पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. नवं इंजिन माउंटिंगशिवाय, चेन पुलीवर किंवा इंजिन क्रेनवर लटकवून गाडीत उतरवा आणि हवं तिथे थांबवा. आतले पिस्टन वगैरे नसले तरी चालेल, पण बाहेरचं सामान सगळं हवं: हेड, ऑइल चेंबर, दोन्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, स्टार्टर, ऑइल फिल्टर, अल्टरनेटर, बेल हाउसिंग, गिअरबॉक्स. नुसता ब्लॉक कुठेही बसतो. इंजिन लटकतं असताना त्याच्याखाली हात-पाय घालायचे नाहीत, खाली लाकडी ठोकळे रचा आणि भार त्यांच्यावर येऊ द्या.

आता जागा तपासायची. सगळ्यात आधी चेंबर. तो क्रॉस मेंबरपासून निदान २० मिलिमीटर तरी वर हवा, आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवून टाय रॉड कुठे जातो तेही बघायचं. चेंबरचा खोलगट भाग काही इंजिनांत पुढे असतो, काहींत मागे. तो क्रॉस मेंबरवर येत असेल तर माउंटिंगशी खेळत बसू नका, चेंबर बदला. बऱ्याच इंजिनांचे वेगवेगळ्या गाड्यांसाठीचे दोन-तीन चेंबर कारखान्यातच बनलेले असतात, तेलाचा पिकअप पाइप त्याच्याबरोबरचाच घ्यायचा.

मग एक्झॉस्ट आणि स्टिअरिंगचा दांडा. मग फायरवॉल: तिथे साधारण २५ मिलिमीटर मोकळे ठेवा, कारण इंजिन जोर दिल्यावर डुलतं. मागच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग हाताने निघतो का, ऑइल फिल्टर फिरवून काढता येतो का, स्टार्टर इंजिन न काढता उतरतो का, हेही आत्ताच. पुढे पंखा आणि रेडिएटर. सगळ्यात शेवटी बॉनेट: एअर फिल्टरवर ओल्या मातीचा गोळा ठेवून बॉनेट हलकेच बंद करून उघडायचं, गोळा किती चपटा झाला तेवढीच जागा उरली.

आणि कल. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांना युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस असतात. एक क्रॉस कोनात फिरला की शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो, दुसऱ्या टोकाचा कोन तेवढाच असेल तर तो फरक तिथे मिटतो. म्हणून गिअरबॉक्सची रेषा आणि पिनियनची रेषा एकमेकींना समांतर हव्यात, दोन्ही टोकांच्या कोनांत फरक एका अंशाच्या आत. प्रत्येक कोन शक्यतो ३ अंशांपर्यंत, पण शून्यही नको, कारण मग क्रॉसमधल्या सुया जागच्या जागी घासतात. अर्धा-एक अंश तरी कोन हवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत इंजिन मागे सुमारे ३ अंश खाली झुकलेलं असतं, आणि कार्बोरेटर सपाट राहावा म्हणून इनटेक मॅनिफोल्डची वरची बैठक तेवढीच उलटी कापलेली असते. तेव्हा नवं इंजिन ‘सरळ दिसतंय’ म्हणून सपाट बसवू नका. गिअरबॉक्सच्या शेपटीची उंची वॉशर घालून नंतर थोडी बदलता येते, पुढची नाही.

जागा मनासारखी मिळाली की पाऊल १ मधली मापं नव्या इंजिनाची पुन्हा घ्या आणि लिहून ठेवा. माउंटिंगची खरी ऑर्डर हीच.

पाऊल ४: आता माउंटिंग निवडा

वाटा तीन. एकाच कंपनीच्या गाड्यांतले मूळ भाग मिसळून जमतंय का बघायचं, तयार स्वॅप किट घ्यायचं, किंवा स्वतः बनवायचं. माझा कल पहिल्याकडे. कारखान्याच्या ब्रॅकेटमागे जेवढी चाचणी असते तेवढी आपल्या वेल्डिंगमागे कधीच नसते. किट घेताना ते कुठला चेंबर, कुठला एक्झॉस्ट आणि कुठला गिअरबॉक्स गृहीत धरतं हे विचारा. याचं उत्तर नसेल तर ते किट फक्त भोकं जुळवतं.

स्वतः बनवणार असाल तर एक पथ्य पाळा: ब्रॅकेट हवा तसा बनवा, पण रबर मात्र कुठल्यातरी लाखांनी खपलेल्या गाडीचं, सहज मिळणारं घ्या. रबर ही झिजणारी वस्तू आहे. दहा वर्षांनी रबर बदलताना ब्रॅकेट पुन्हा बनवायची वेळ येऊ नये.

कुठल्या गाडीचं रबर? हिशोब थरथरीचा. चार सिलिंडरचं इंजिन ७५० आरपीएमवर आयडलिंगला सेकंदाला २५ मुख्य धक्के देतं. आठ सिलिंडरचं ६०० आरपीएमवर ४०, तीन सिलिंडरचं ८०० वर फक्त २०. रबरावर बसलेल्या इंजिनाची स्वतःची डुलायची जी गती असते, तिच्या १.४ पटीपेक्षा धक्के जलद असले तरच रबर थरथर अडवतं. त्याच्याखाली ते थरथर उलट वाढवतं. म्हणजे चार सिलिंडरसाठी ती गती सेकंदाला १७ च्या खाली हवीच, खरं तर १० च्या आसपास उत्तम. जड व्ही-८ साठीचं टणक रबर हलक्या चार सिलिंडरखाली घातलं की आयडलिंगला आरसा धूसर होतो आणि डॅशबोर्ड बडबडायला लागतो. उलट हलक्या इंजिनाचं मऊ रबर जड इंजिनाखाली बसतं, दबतं आणि फाटतं. तेव्हा वजन, सिलिंडरची संख्या आणि टॉर्क या तिन्हींत तुमच्या इंजिनाच्या जवळ जाणारी गाडी शोधायची.

रबर लवचीक ठेवून थरथर अडवायची ही युक्ती जुनीच आहे. १९३१ च्या प्लिमथमध्ये क्रायस्लरने ‘फ्लोटिंग पॉवर’ नावाने ती गाजवली. इंजिन त्याच्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या आसावर डुलेल असं दोन जागी रबरावर धरलेलं होतं, आणि चार सिलिंडरच्या इंजिनाची थरथर गाडीत बरीच कमी जाणवायला लागली. सित्रोएनने ते तंत्र परवान्यावर घेतलं आणि जाहिरातीत तरंगता हंस आणला.

पॉलियुरेथेनबद्दल (रबरासारखं, पण जास्त टणक प्लॅस्टिक) नवशिक्यांना फार आकर्षण असतं. मूळ रबराचा कडकपणा शोअर ए मापावर (रबराचा कडकपणा मोजायची पट्टी, आकडा मोठा तेवढं टणक) साधारण ४५ ते ६०, पॉलियुरेथेनचा ७५ ते ९५. इंजिन कमी हलतं, तेलाने खराब होत नाही, पण थरथर आत येते. रोजच्या गाडीत मला ते पटत नाही. फार तर आडव्या इंजिनाच्या टॉर्क रॉडपुरतं घालावं. त्याहून पुढची पायरी, रबर नसलेली पक्की लोखंडी माउंटिंग, ही शर्यतीच्या गाडीची गोष्ट. एक जोडी मात्र कधीही करू नका: पुढे मऊ रबर आणि गिअरबॉक्सखाली घट्ट लोखंड. इंजिन पुढे पिळतं, शेपूट जागची हलत नाही, आणि सगळा ताण गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमच्या घरावर येऊन त्याचा कान तुटतो.

आत द्रव भरलेली आधुनिक माउंटिंगं असतील तर ती ज्या कोनात मूळ गाडीत होती त्याच कोनात लावायची. आडवी किंवा उलटी चालत नाहीत. काळं पाणी गळालेलं दिसलं तर ते माउंटिंग संपलं.

पाऊल ५: बनवणं आणि बसवणं

इंजिन ठोकळ्यांवर, ठरलेल्या जागी. ब्लॉककडचा ब्रॅकेट आणि चॅसीकडची बैठक आधी पुठ्ठ्यात कापा, गुण्याने तपासा, मग ५-६ मिलिमीटरच्या पोलादी पट्टीत उतरवा. कोपऱ्यांना तिरक्या आधारपट्ट्या हव्यातच, वाकवलेली एकटी पट्टी थरथरीने तडकते. रबराचं तोंड असं ठेवा की वजन त्याला तिरकं दाबेल. दोन्ही बाजूंची रबरं व्ही आकारात कललेली असतात ती यासाठीच. नुसतं ताणलं जाणारं रबर फार टिकत नाही.

टॅक मारताना जुनी रबरं जागेवर ठेवा. पक्कं वेल्डिंग करताना तीही काढा, नवी तर बांधूच नका, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने रबर आणि धातूचा जोड सुटतो. बॅटरी सोडलेली, अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ. चॅसीचा पत्रा पातळ असेल तर आतून किंवा मागून पट्टी देऊन भार पसरवा. पोकळ रेलमधून आरपार बोल्ट जात असेल तर आत नळीचा तुकडा हवा, नाहीतर आवळताना रेल चेपते.

आणखी एक छोटी गोष्ट जी हमखास राहते: नवं रबर भाराखाली काही मिलिमीटर बसतं. ठोकळ्यांवर इंजिन नेमक्या उंचीवर धरून वेल्डिंग केलंत तर चेंबरखालच्या २० मिलिमीटरांतले ३ ते ५ पहिल्याच दिवशी जातात. तेवढं इंजिन वर धरूनच टॅक मारा.

बोल्ट ८.८ किंवा १०.९ दर्जाचे (बोल्टच्या डोक्यावर कोरलेला मजबुतीचा आकडा). ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बोल्टचे आटे त्याच्या जाडीच्या दीड ते दोन पट खोल गेले पाहिजेत, म्हणजे १० मिलिमीटरच्या बोल्टला १५ ते २०. पट्टी मध्ये घातल्यावर जुना बोल्ट तेवढा आखूड पडतो, लांब घ्या. पण भोकाच्या तळाला टेकेल इतका लांबही नको.

बसवताना सगळे बोल्ट हाताने लावून सैल ठेवा. भार पूर्ण माउंटिंगवर सोडा, इंजिन दोन्ही हातांनी डावीउजवीकडे हलवा, ते आपली जागा घेईल. मग आधी ब्लॉकचे, मग चॅसीचे, मग आरपार बोल्ट, शेवटी गिअरबॉक्स. १० मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन मीटर आणि १२ मिलिमीटरच्या बोल्टला ८० च्या आसपास, पण त्या इंजिनाच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच. शेवटचा बोल्ट पहारीने ओढून घालावा लागत असेल तर काहीतरी तिरकं आहे. तसाच आवळला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं.

पाऊल ६: चालू करण्याआधी आणि नंतर

रबर वीज वाहत नाही. इंजिनापासून चॅसीपर्यंत जाड अर्थ वायर जोडलेली आहे का बघा. ती विसरली तर स्टार्टरचा करंट क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड रबराच्या जवळून जात असेल तर मध्ये पत्र्याची ढाल द्या, नैसर्गिक रबर ७०-८० अंश सेल्सिअसच्या वर फार काळ तग धरत नाही. इंधनाच्या, पाण्याच्या नळ्या आणि ॲक्सिलरेटर केबल यांना इंजिन हललं तरी ताण येणार नाही इतकी ढील ठेवा.

पहिली चाचणी उभ्या गाडीत. हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही, चाकांना अडण्या, पहिला गिअर, आणि आत बसलेल्याने क्लच अगदी थोडा सोडायचा. दुसऱ्याने बॉनेटच्या बाजूला उभं राहून इंजिन किती उचललं जातं ते बघायचं, गाडीच्या समोर नाही. १०-१५ मिलिमीटर ठीक. २५ च्या पुढे गेलं तर रबर मऊ आहे किंवा कुठेतरी सुटलंय. हेच रिव्हर्समध्ये करा, तेव्हा दुसरी बाजू उचलली जाते.

रस्त्यावर मग लक्षणं वाचायची. फक्त आयडलिंगला घुमतं आणि थोडी रेस दिली की थांबतं: रबर कडक आहे किंवा एक्झॉस्ट कुठेतरी बॉडीला टेकलाय. गिअर बदलताना ठक्क आवाज: आरपार बोल्ट सैल, किंवा टॉर्क रॉडचा बुश. वेग वाढेल तशी वाढणारी, गिअर न्यूट्रलला टाकूनही न जाणारी थरथर: माउंटिंगला दोष देऊ नका, शाफ्टचे कोन पुन्हा मोजा. तिसऱ्या तक्रारीवर लोक रबरामागून रबरं बदलत बसतात, आणि औषध गिअरबॉक्सच्या शेपटीखालच्या दोन वॉशरमध्ये असतं.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, ५०० नंतर आणखी एकदा. त्याच वेळी चेंबर आणि क्रॉस मेंबरमधलं अंतर मोजून पाऊल ३ च्या आकड्यापुढे लिहून ठेवा. वर्षभराने ते पुन्हा मोजलं की रबर किती बसलंय ते कळेल.